नाना पेठेतलं चाचांचं गॅरेज: गाडी खोलतात आणि दाखवतातही

मी डबे पोचवते. डिकीत आणि पुढे पायाशी मिळून भरपूर वजन असतं, त्यामुळे स्कूटर उचलेनाशी झाली की माझा धंदाच अडतो. सिग्नल सुटला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी थरथरत पुढे सरकायची. आधीचं गॅरेज दर वेळी बिलावर 'सर्व्हिसिंग व किरकोळ काम' एवढंच लिहायचं. त्यातून काय कळणार?

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात चाचांचं गॅरेज आहे. पाटी नाही, पण कोणीही दाखवतं. चाचांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, इंजिनला काही झालं नाही. डावीकडचं झाकण खोलतो, इथंच थांबा."

झाकण निघालं तर आत सगळी काळी भुकटी. इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट उलटा वाकवून दाखवला तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. मग पुढच्या पुलीतले रोलर माझ्या तळहातावर ठेवले. गोल असायला हवेत, ते एका अंगाला सपाट झिजले होते. नखालाही कड लागत होती. वेग वाढला की हे रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीची ताटली दाबतात आणि बेल्ट वर चढतो. स्कूटरचा गिअर बदलतो तो असा. रोलर सपाट झाले की नीट सरकत नाहीत, मग इंजिन ओरडतं पण गाडीला वेग येत नाही. थरथर मात्र मागच्या क्लचची होती. क्लच शू आणि ते ज्या वाटीला धरतात ती वाटी, दोन्ही गुळगुळीत चकाकत होती, त्यामुळे पकड नीट बसत नव्हती. शू अजून जाड होते, म्हणून चाचांनी नवे विकले नाहीत; पॉलिश पेपर मारून तेच परत बसवले. माझा विश्वास बसला तो इथे.

बेल्ट आणि रोलर छापील किमतीत, बिलावर प्रत्येक पार्टचं नाव, मजुरी आधीच ठरवलेली. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. ब्रेकचंही समजावलं: डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना अशी सोय किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. म्हणून मागचे लायनर बदलले की पुढची केबलही तपासून घ्यायची.

आता गाडी वजनासकट कर्वे रोडचा उड्डाणपूल न कुरकुरता चढते.

गैरसोयी आहेत. बसायला एक स्टूल, तोही बहुतेक वेळा पान्यांनी भरलेला. बोळात गाडी लावायला जागा नाही, आणि दुपारनंतर गेलात तर नंबर दुसऱ्या दिवशी. बायकांना तिथे एकटं जायला अवघड वाटेल का, असं मला मैत्रिणीने विचारलं. मला तरी वाटलं नाही. चाचा प्रत्येकाशी सारखंच बोलतात.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि मागच्या चाकाजवळच्या गिअर ऑइलचं आठवणीने विचारा. ते इंजिन ऑइलपेक्षा वेगळं भरावं लागतं. माझ्या गाडीचं कित्येक सर्व्हिसिंगमध्ये कोणी बदललंच नव्हतं, निघालं ते डांबरासारखं काळं.