व्हीपीएस म्हणून जुनंच शेअर्ड होस्टिंग गळ्यात मारलं, वर डेटाबेसही अडकवला

हे लिहायला बसलो कारण परवा ओळखीतल्या एका पतसंस्थेच्या माणसाने मला व्हॉट्सअॅपवर वेबसाइट होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने जागा देण्याचं, एक कोटेशन पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, घेऊ का हे?" उघडून बघतो तर शब्द न् शब्द तेच कोटेशन जे आम्हाला आलं होतं. अनलिमिटेड स्पेस, अनलिमिटेड बँडविड्थ, अनलिमिटेड डेटाबेस, रोजचा बॅकअप, मुंबईतला सर्व्हर आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, फ्री. कंपनीचं नाव इथे घेत नाही, ग्राहक आयोगात प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी सक्त सांगितलंय. पण धंद्याची पद्धत सांगतो, त्यावरून ओळखाल.

आमचं सातारा जिल्ह्यातलं वधू-वर सूचक मंडळ आहे, साइट मी नोकरी सांभाळून बघतो. कोड पीएचपीत आणि माहिती मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, काही फार भारी नाही. आधी दोन-तीनशे स्थळं होती तेव्हा कुठलंही होस्टिंग चाललं असतं. पण मग आसपासच्या तालुक्यांतून नोंदणी वाढली, पुण्या-मुंबईची मुलं यायला लागली, दुबईत नोकरी करणारे दोघे-तिघे पण आले, आणि प्रत्येक स्थळामागे तीन फोटो, त्या फोटोंचे छोटे साइझ, पत्रिकेचा पीडीएफ, आणि लोक शोधतात कसं तर शिक्षण, उंची, जन्मवर्ष, गाव, मंगळ आहे की नाही, सगळे फिल्टर एकदम लावून. म्हणजे सगळा भार डेटाबेसवर. त्यात तुळशीचं लग्न झालं की सीझन चालू, रविवारी रात्री जेवणं आटपली की सगळे आईबाप एकदम मोबाइल घेऊन बसतात.

नेमकं त्याच वेळी साइटवर "५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड" यायला लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वस्त, म्हणजे शेअर्ड, होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट्स कोंबलेल्या असतात आणि क्लाउडलिनक्स नावाची सिस्टीम प्रत्येक अकाउंटला सीपीयू, मेमरी, एका वेळी किती प्रोसेस चालणार याची मर्यादा घालून देते. मर्यादा संपली की हा ५०८. यात बेकायदा काही नाही, उलट चांगली गोष्ट आहे, शेजाऱ्याची साइट तुमची साइट खाऊन टाकत नाही. प्रश्न एवढाच की "अनलिमिटेड" म्हणून विकलेल्या वस्तूला मर्यादा आहे हे विकताना कुणी सांगत नाही, ते नियमांच्या पानावर पार खाली "नॉर्मल वापर" अशा शब्दांत लपवलेलं असतं. जागा अनलिमिटेड, पण फाइल्सची संख्या, ज्याला ते आयनोड म्हणतात, ती मोजलेली. डेटाबेस हवे तेवढे बनवा, पण एका वेळी कनेक्शन पंधराच.

सपोर्टला विचारलं तर ठरलेलं उत्तर, "सर तुमच्या कोडमध्ये प्रॉब्लेम आहे." एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधला शोध, जड होती खरी, तिला इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लावला, ती चटकन यायला लागली. तरी रविवारी रात्री ये रे माझ्या मागल्या. मग त्यांचा सेल्सवाला फोनवर, एकदम गोड आवाजात, "सर तुमची साइट आता मोठी झाली, तुम्हाला व्हीपीएसच पाहिजे, चार कोअर, आठ जीबी रॅम, फक्त तुमच्यासाठी." व्हीपीएस म्हणजे मोठ्या मशीनचा फक्त आपल्यासाठी राखलेला स्वतंत्र हिस्सा. वर्षाचे १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. मंडळाच्या काकांनी कमिटीत मंजूर करून घेतले, पैसे भरले, दोन दिवसांत "मायग्रेशन कम्प्लीट", म्हणजे साइट तिकडे हलवली, असा मेल आला, आणि पुढच्या रविवारी परत ५०८.

तिथे मला शंका आली. स्वतःचा व्हीपीएस असेल तर शेअर्ड अकाउंटची मर्यादा संपल्याचा मेसेज येईलच कशाला? पीएचपीमायअॅडमिन, म्हणजे डेटाबेस हाताळायचं वेब पान, उघडून डेटाबेसलाच विचारलं. "शो व्हेरिएबल्स" वापरून सर्व्हरचं होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, बघता येतं, त्याला कुठलीही खास परवानगी लागत नाही. जुन्या होस्टनेमचा स्क्रीनशॉट माझ्याकडे सपोर्टच्या आधीच्या तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) होता. तंतोतंत तेच नाव. मॅक्स यूजर कनेक्शन्स बघितलं, तेच पंधरा. मग "शो ग्लोबल स्टेटस" करून अपटाइम बघितला, म्हणजे हा मायएसक्यूएल चालू होऊन किती सेकंद झाले ते. आकडा एक कोटीच्या वर. एक कोटी सेकंद म्हणजे जवळपास चार महिने होतात. आणि आमचा "नवा" व्हीपीएस आदल्या आठवड्यात जन्माला आलेला!

हे विचारलं तर म्हणे "डेटाबेस सर्व्हर कॉमन असतो सर, तुमचा वेब सर्व्हर वेगळा आहे." बरं, मग एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरून बघायची सोय) द्या, कोअर आणि रॅम मी बघतो. "सिक्युरिटी पॉलिसीमुळे देत नाही." आता मॅनेज्ड व्हीपीएसमध्ये रूट पासवर्ड (मशीनचा पूर्ण ताबा) न देणारे चांगले लोकही असतात, त्यामुळे नुसत्या त्या एका गोष्टीवरून कुणाला चोर म्हणू नका, पण इथे सगळंच एका दिशेला बोट दाखवत होतं. मुंबई सर्व्हरचंही तेच. पिंग करून, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते, बघितलं तर दीडशे मिलिसेकंदांच्या खाली कधी आलंच नाही, मुंबईतलं मशीन असतं तर साताऱ्यातून वीस-तीसमध्ये उत्तर यायला पाहिजे. आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते शोधलं, जर्मनी. (तुम्ही साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर नावाची मधली सेवा लावली असेल तर साइटचा आयपी बघून उपयोग नाही, तो त्यांचाच दिसतो, सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पानावर, दाखवलेला आयपी घ्या.) जर्मनीत सर्व्हर असणं वाईट नाही हो, मुंबईचे पैसे घेऊन जर्मनी देणं वाईट.

इथपर्यंत आम्ही एकवीस हजार गेले म्हणून गप्प बसून दुसरीकडे गेलो असतो. पण जायचं म्हटल्यावर खरा सापळा दिसला. मला विचाराल तर होस्ट चांगला की वाईट हे तो घेताना किती गोड बोलतो त्यावरून कळतच नाही, तुम्ही निघताना तो काय काय अडवू शकतो त्यावरून कळतं, आणि ते पैसे भरण्याआधी तपासता येतं.

पहिलं डोमेन. फ्री दिलेलं डॉट कॉम त्यांनी स्वतःच्या कंपनीच्या नावावर रजिस्टर केलेलं. हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या नोंदीत, हल्ली बरीच माहिती झाकलेली असते, पण संस्थेच्या रकान्यात त्यांचंच नाव होतं. आयकॅन, म्हणजे डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम ठरवणारी संस्था, तिचा नियम आहे की डोमेनच्या मालकाने ट्रान्सफरसाठी ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायचा पासवर्ड) मागितला तर रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, पाच दिवसांत द्यायचा. नियम चांगला आहे, पण तो मालकासाठी आहे, आणि कागदावर मालक आम्ही नव्हतोच. रजिस्ट्रारने तेच सांगून हात वर केले. होस्टवाल्यांनी ट्रान्सफरचे १२,००० मागितले, ज्या डोमेनचं रिन्यूअल हजार-दीड हजारात होतं.

दुसरा डेटाबेस. आम्ही चौकशा करतोय हे कळल्यावर लगेच अकाउंट सस्पेंड, कारण काय तर "आयनोड लिमिट ओलांडली". अनलिमिटेडवाल्याची लिमिट! सस्पेंड झालं की सीपॅनेल बंद, पीएचपीमायअॅडमिन बंद, फाइल्स काढायचं एफटीपी बंद, म्हणजे स्वतःचा डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) पण काढता येत नाही. माझ्याकडची शेवटची पूर्ण कॉपी सीझनच्या आधीची होती, कारण डेटाबेस वाढल्यापासून एक्स्पोर्ट अर्ध्यात टाइमआउट व्हायचा आणि तिकिटावर उत्तर यायचं की रोजचा बॅकअप आमच्याकडे आहे, काळजी नसावी. तो रोजचा बॅकअप मागितला तर ६,००० "रिस्टोर चार्ज". दिले. सीझन चालू होता, काकांना रोज फोन येत होते, करणार काय.

फाइल आली. उघडली. वधूचं नाव ?????? ??????, गाव ?????, शिक्षण बीई, उंची ५.३, मंगळ ????, अपेक्षा म्हणजे ओळभर नुसती प्रश्नचिन्हं. सगळ्या स्थळांचं हेच. इंग्रजीत लिहिलेलं आणि आकडे तेवढे शाबूत. झालं काय असणार ते सांगतो, कारण मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे. टेबल युनिकोडमध्ये होतं पण डंप काढताना कनेक्शन लॅटिन१ या जुन्या, युरोपीय भाषांपुरत्या अक्षरसंचावर ठेवलं गेलं, लॅटिन१ मध्ये देवनागरी अक्षरच नाही, मग मायएसक्यूएल प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो. मराठीच्या जागी वर टोप्या-टिंबं असलेली विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा उलटं फिरवून दुरुस्त होतं. पण एकदा प्रश्नचिन्ह झालं की आत मूळ अक्षर उरलेलंच नसतं, कुणीही इंजिनिअर आणा. आणि हा यांचा रोजचा बॅकअप, म्हणजे तो कुणी कधी उघडून बघितलेलाच नव्हता.

फोन नंबर आकड्यांत, त्यामुळे ते वाचले. मग मंडळातल्या दोन काकूंनी दुपारी बसून एकेक नंबर फिरवला, "नमस्कार, वधू-वर मंडळातून बोलतेय, तुमची मुलगी पाच फूट तीन इंच, बीई झालेली, तिचं नाव काय हो?" अर्ध्या लोकांनी फोनच ठेवला. एका गृहस्थांनी तर काकूंना झापलं, "नाव माहीत नाही आणि उंची माहीत आहे, फ्रॉड करता का आमच्याशी?" आता त्यांना काय सांगणार की फ्रॉड झालाय खरा, पण आमच्यावर.

बॅकअपचं दुखणं फक्त चिंधी कंपन्यांचं आहे असंही नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फोल्डर उडवली, तीनशे जीबीच्या आसपास डेटा, आणि मग कळलं की नेहमीचा बॅकअप जमाच होत नव्हता. नशिबाने सहा तास आधीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची कॉपी, होता. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचा बॅकअप तिथल्या तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. फरक एवढाच की त्यांनी झालेलं जाहीर सांगितलं, आमच्यावाल्यांनी प्रश्नचिन्हांचे सहा हजार घेतले.

पैशांच्या मागे लागलो तेव्हा अजून एक गोष्ट निघाली. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर नोंदणी रद्द. म्हणजे आमच्याकडून घेतलेले ३,२४० कर म्हणून घ्यायचा त्यांना अधिकारच नव्हता. हे तपासायला मिनिटभर लागतं, लॉगिन पण लागत नाही, आणि माझ्या मते होस्टच्या वेबसाइटवरचे शंभर रिव्ह्यू वाचण्यापेक्षा हे एक मिनिट जास्त कामाचं आहे. पोलिसांत गेलो तर हा व्यवहाराचा वाद आहे म्हणाले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथून कंपनीला पत्र गेलं, उत्तर शून्य. मग जिल्हा आयोगात. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिकिटं, मेल, अपटाइमचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. फोनवरचं गोड बोलणं जोडता येत नाही, म्हणून आता मी फोनवर काही ठरलं की लगेच मेल टाकतो, "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं."

त्या पतसंस्थेवाल्याला मी सांगितलं ते असं. डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे, संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, होस्टकडे कधीच नाही. तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मिळणाऱ्या डिस्काउंटला हात लावू नको, महिन्याच्या हिशोबाने घे, आणि रिन्यूअलचा दर लेखी माग कारण पहिल्या वर्षीचा दर हा नुसता आमिषाचा असतो. ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे साइट तेवढा वेळ चालू राहण्याची हमी, ऐकून खूश होऊ नको, ९९.९ म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद चालतं, नुसते ९९ असतील तर सात तासांच्या वर, आणि भरपाई म्हणून मिळतं काय तर पुढच्या बिलात चाळीस-पन्नास रुपये कमी. त्यापेक्षा विचार की डेटाबेसला एका वेळी किती कनेक्शन, आयनोड किती, सस्पेंड केलं तर डेटा किती दिवस ठेवणार आणि मला तो काढू देणार का. शेवटच्या प्रश्नाला जो "असं होतच नाही सर" म्हणतो तिथे पाणी मुरतंय. आणि पहिल्याच महिन्यात, काही बिघडलेलं नसताना, त्यांच्याकडून बॅकअप मागून घे, आपल्या लॅपटॉपवर चढव आणि एखाद्या सभासदाचं मराठी नाव वाचता येतंय का बघ.

आम्ही आता मुंबईतल्याच एका छोट्या पण खऱ्या व्हीपीएसवर आहोत, तेच नाव डॉट इनमध्ये घेतलंय, रात्री डंप निघून मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येतो. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. मुलींचे फोटो, फोन नंबर, घरचे पत्ते, सगळं अजून त्या कंपनीच्या मशीनवर आहे, ते पुसा म्हणून लेखी कळवलंय, पोच सुद्धा नाही. आणि जुनं डॉट कॉम अजून त्यांच्याच ताब्यात आहे. आमच्या मंडळाचं कुणी हे वाचत असेल तर त्या जुन्या पत्त्यावर फॉर्म दिसला तरी भरू नका, फी मागितली तर देऊ नका, आणि "मंडळातून बोलतोय" म्हणून कुणी पैशांसाठी फोन केला तर आधी काकांना फोन करून विचारा.