शेवटच्या जागेवर कोण घ्यावा: निव्वळ पहिलवान की गोल करणारा दांडगा?

जळगाव-भुसावळच्या आम्हा मित्रांच्या आइस हॉकी लीगमध्ये (बर्फावर न उतरता, खरे खेळाडू निवडून मोबाइलवर संघ चालवायचा) नवा आलेला प्रत्येक जण ड्राफ्टच्या, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, आधी हमखास विचारतो, "भाऊ, तो मारामारीवाला घेऊ का?" संघातल्या हुशार खेळाडूच्या अंगाला कुणी हात लावू नये म्हणून ठेवलेला राखणदार म्हणजे एन्फोर्सर. एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकीच्या पाठीशी डेव्ह सेमेन्को उभा असायचा. 1988 मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसोर्लीही सोबत गेला. खऱ्या बर्फावर या माणसाला किंमत होतीच. तुमच्या लीगमध्ये ती आहे का, हे लीग काय मोजते यावर आहे.

एकच प्रसंग घ्या. तुमच्या गड्याने मारामारी उकरून काढली. नियमाने भांडणाची 5 मिनिटं, उकरून काढल्याची 2 आणि गैरवर्तनाची 10, अशी एकूण 17 मिनिटं शिक्षा. खऱ्या सामन्यांच्या आकड्यांवर चालणाऱ्या फँटसीत पेनल्टी मिनिटं जमेला धरत असतील, तर एका फटक्यात 17 तुमच्या खात्यात. हिवाळ्यात अमेरिका-कॅनडातल्या NHL लीगचे बरेच सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात. चुलीवरचा चहा उतरेपर्यंत आठवड्याचा तो रकाना तुम्ही मारलेला असतो. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे सामना संगणकच खेळवतो त्या लीगमध्ये, तीच 17 मिनिटं अंगावर येतात: गडी बाहेर, आणि समोरच्याला 2 मिनिटं एक माणूस जास्त.

गेल्या हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी भाजत असताना मोबाइलवर निकाल उघडला. 3-2 ने हरलो होतो, आणि समोरच्यांचे दोन गोल माझा पहिलवान शिक्षेच्या बाकावर असतानाचे होते. फार लागलं ते मनाला. सायमन टी हॉकी सिम्युलेटरमध्ये प्रत्येक खेळाडूचे फायटिंग (मारामारी), चेकिंग (अंगाने धडक देणं) आणि डिसिप्लिन (शिस्त) हे आकडे वेगवेगळे असतात. मी फक्त फायटिंग बघितलं होतं. आधी डिसिप्लिन बघा. आणि 'धाक' तुमच्या लीगच्या नियमांत लिहिलेला नसेल, तर तो नाहीच असं धरून चाला.

दुसरा पर्याय गोल करणाऱ्या दांडग्याचा. बॉब प्रोबर्टने 1987-88 मध्ये 398 पेनल्टी मिनिटांसोबत 29 गोल केले. आजच्यांत टॉम विल्सन. 2024-25 मध्ये त्याचे 33 गोल. असा गडी दोन्ही प्रकारच्या लीगमध्ये चालतो, पण शेवटच्या फेरीपर्यंत शिल्लक राहत नाही. त्याच्यासाठी वरची निवड मोडावी लागते, आणि ती मोडावी असंच माझं मत आहे.

जुन्या हंगामांची लीग खेळणाऱ्यांना डेव्ह शुल्ट्झचा मोह पडतो: 1974-75 मध्ये 472 मिनिटं, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाने स्टॅनले कप (NHL चं विजेतेपद) जिंकला. पण त्या प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेरीचा, मानकरी गोलरक्षक बर्नी पॅरंट ठरला होता. आधी पॅरंट घ्या.

पेनल्टी मिनिटं जमेला धरणारी लीग असेल, तर शेवटच्या फेरीत पहिलवान बिनधास्त उचला. सिम्युलेशनमध्ये यंदा माझ्या चौथ्या फळीत त्या जागी चेकिंग आणि डिसिप्लिन दोन्ही चांगलं असलेला, कुणाच्या फारसा लक्षात नसलेला गडी आहे.