तामियाची १/२४ मर्सिडीज ३०० एसएल: किट घ्यावं ते सांगाड्यासाठी

मर्सिडीजच्या ३०० एसएल या जुन्या स्पोर्ट्स कारची दारं वर का उघडतात, हे तामिया या जपानी कंपनीच्या या किटचा, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिक मॉडेलचा, सांगाडा जोडताना नीट कळतं. बारीक नळ्यांची जाळी दोन्ही बाजूंना इतकी उंच चढते की नेहमीच्या दाराला जागाच उरत नाही. १९५४ ते १९५७ या काळात अशा १४०० कूपे (दोन दारांच्या बंद गाड्या) बनल्या. तामियाने ती जाळी जवळपास १९ सेंटिमीटर लांबीच्या मॉडेलमध्ये उतरवली आहे आणि किटचा खरा ऐवज तोच आहे. नुसती चकचकीत गाडी कपाटात ठेवायची असेल, तर याहून सोपी किटं पुष्कळ मिळतात.

नळ्या नाजूक आहेत, स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) सोडवतानाच मोडतात. निपरने (बारीक कातर-पकडीने) पहिला काप भागापासून २-३ मिमी दूर द्या, ताण गेला की दुसरा जवळून. साच्याची रेघ सुरीच्या पात्याने हलकेच खरवडा. पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या पातळ गोंदाने) जोडून सांगाडा सपाट काचेवर रात्रभर राहू द्या. तो जरासा पिळला, तरी एक चाक अधांतरी राहतं आणि बॉडी खाली बसत नाही. म्हणून बॉडी, सांगाडा आणि खालचा भाग रंगाआधीच कोरडे, म्हणजे गोंद न लावता, जुळवून पाहा. सांगाड्याचा रंग मूळ गाडीसारखा, सेमी-ग्लॉस (अर्धचमकदार) काळा.

इंजिनही देखणं आहे. बॉनेट बुटकं राहावं म्हणून मूळ गाडीत २९९६ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन ५० अंश डावीकडे कलतं बसवलं होतं. स्पार्क प्लगच्या वायरी मात्र स्वतःच ओढाव्या लागतात. ०.३ मिमीची तार घ्या. २४ पटीने ती ७.२ मिमी होते, म्हणजे खऱ्या वायरीएवढी. भोकं रंगाआधी पाडा. इंधनाच्या सहा नळ्या याहून बारीक हव्यात. त्या राहिल्या तर थेट इंजेक्शनचं (सिलिंडरमध्येच इंधन फवारणारं) हे इंजिन अपुरं वाटतं.

आता चंदेरी रंग. या गाडीला तोच शोभतो आणि तोच सर्वांत जास्त दगा देतो, कारण प्राइमरखालचा प्रत्येक ओरखडा त्यातून दिसतो. १००० आणि मग १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये १०-१५ मिनिटं थांबून. रंगाचा हात फार ओला बसला तर धातूचे कण वाहून चट्टे पडतात. दारं आणि बॉनेट बॉडीसोबतच, त्याच बैठकीत, त्याच दिशेने फवारा. कणांची दिशा बदलली की एकाच डब्यातला रंगही वेगळा दिसतो. वर क्लिअरचे (पारदर्शक रंगाचे) तीन हात द्या, आठवडाभर थांबा आणि मगच कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) लावा. क्लिअरविना चंदेरी घासली तर कण उडून डाग पडतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर (थिनर उडून झटपट सुकणारा रंग) फवारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि रंगावर पांढरट धुकं उतरतं. कोरड्या दिवसाची वाट पाहणं बरं.

दारांच्या कडांवर रंगाचे थर साचून फट बुजते, त्यामुळे प्राइमरनंतर दारं पुन्हा बसवून पाहावीत. क्रोमच्या भागांवर सिमेंट धरत नाही, तेव्हा जोडाच्या जागेवरचा मुलामा खरवडून काढा. काचांना सुपरग्लू अजिबात नको, वाफेने त्या धुरकट होतात. पांढरा गोंद पुरतो. फटींमध्ये भरायचं इनॅमलचं पॅनेल-लाइन द्रव फक्त रंगवलेल्या भागांवर आणि अगदी थोडं वापरा. उघड्या, ताणलेल्या प्लास्टिकमध्ये इनॅमल थिनर मुरला की तडा जातो आणि सांगाड्याच्या नळ्या त्याला पहिल्या बळी पडतात.

पहिलंच किट म्हणून हे घेऊ नये. चार-पाच गाड्या हाताखालून गेलेल्याने जरूर घ्यावं. बॉनेट मात्र चिकटवू नका, सुटंच ठेवा आणि मांडताना दारं वर उघडी असू द्या.