वर्दी आधी की पदवी आधी? पुण्यातल्या बारावीच्या मुलांसाठी समोरासमोर तुलना

सैन्यात जायचं की कॉलेजात, हा प्रश्न पुण्यातल्या मुलांच्या जितका जवळ असतो तितका राज्यात क्वचितच कुठे असेल. खडकवासल्याला एनडीए (तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांची प्रबोधिनी), वानवडीला एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय), दापोडीला सीएमई (लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय), आणि त्याच शहरात फर्ग्युसन, एसपी, सीओईपी, विद्यापीठ. पण 'सैन्य की कॉलेज' ही मांडणीच मला चुकीची वाटते. एनडीएतही पदवी मिळते आणि कॉलेजातूनही वर्दीपर्यंत जाता येतं. खरा फरक आहे तो बांधिलकीच्या कागदावर सही कोणत्या वयात करायची याचा. सतराव्या-अठराव्या वर्षी की एकविसाव्या-बाविसाव्या? आणि सही केल्यावर मन बदललं किंवा गुडघा निकामी झाला, तर हातात काय उरतं? पुढची तुलना मी मुख्यतः याच कसोटीवर केली आहे.

खर्चाचं आधी बोलून टाकू

एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण, उपचार सरकारी खर्चाने होतात. पालकांना प्रवेशावेळची काही रक्कम आणि मुलाचा हातखर्च एवढंच पाहावं लागतं. एएफएमसीतही घरावर फीचा बोजा नसतो. म्हणून अनेक घरांत निर्णय इथेच होतो, आणि मला ते बरोबर वाटत नाही. राज्यातली सरकारी आणि अनुदानित कॉलेजं अजून परवडणारी आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनेक मुलांना निम्मी सवलत मिळते. आधी हे हिशेब करा. फी वाचते एवढ्याच कारणासाठी अठराव्या वर्षी वीस वर्षांचा निर्णय घेऊ नका.

एनडीए आणि साधी पदवी

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला बसलेली मुलंही अर्ज करू शकतात. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००. त्या ६०० मध्ये इंग्रजीच २०० गुणांचं आहे. एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडण्याच्या चाचण्या आणि मुलाखतीचे, पुन्हा ९००. एका खेपेला जागा साधारण चारशे आणि अर्ज लाखांत.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी दोन शब्द. आपली मुलं गणितात मार खात नाहीत, एसएसबीत खातात. पाच दिवसांच्या त्या निवडीत पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं. धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग दहा-पंधरा जणांत बसून ती मांडायची. तिथे हुशार मुलं गप्प बसतात आणि त्याच दुपारी परतीच्या गाडीत असतात. इंग्रजी अस्खलित हवं असं नाही, पण चार अनोळखी माणसांसमोर मोडकंतोडकं का होईना, बोलायची सवय हवी. ती क्लासच्या नोट्समधून येत नाही. वक्तृत्व, नाटक, कबड्डीचा संघ, गणेशोत्सवात मंडळाचं काम, यातून येते. अकरावीतच 'एनडीए फाउंडेशन'च्या नावाखाली मुलाला या सगळ्यातून काढून बंद खोलीत बसवणं मला उलटं वाटतं.

दहावीच्या घरांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची, म्हणजे एसपीआयची, माहिती जरूर घ्यावी. राज्य सरकारची ही संस्था १९७७ पासून अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी आता नाशिकला अशीच संस्था आहे. महागड्या खासगी ॲकॅडमीचे पैसे भरण्याआधी तिथली प्रवेश परीक्षा द्यावी.

एनडीएत तीन वर्षं, शेवटी जेएनयूची पदवी. मग लष्कराची मुलं डेहराडूनला आयएमएत, नौदलाची एळिमलाला, हवाई दलाची हैदराबादजवळ दुंडिगलला जातात. त्या शेवटच्या टप्प्यात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. बाविसाव्या वर्षाच्या आसपास मुलगा लेफ्टनंट असतो. त्याच वेळी त्याचा फर्ग्युसनमधला मित्र एमएस्सीच्या प्रवेशामागे किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नाच्या तयारीत असतो. ज्याला हेच करायचं आहे हे पक्कं माहीत आहे, त्याच्यासाठी एनडीएइतकी सरळ वाट दुसरी नाही.

आता परतीची बाजू. स्वतःच्या कारणाने मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल केला जातो. तोवर बरोबरीची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचलेली असतात. त्याहून गंभीर गोष्ट दुखापतीची आहे. प्रशिक्षणात जायबंदी होऊन वैद्यकीय कारणाने बाहेर पडावं लागलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण त्याचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, झालेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या मुलांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, वैद्यकीय सुविधा त्यांना खुली झाली. असं थोड्यांच्याच बाबतीत घडतं, पण घडतं. फॉर्म भरताना आईबाबांनी हे मुलाशी एकदा मोकळेपणाने बोलावं. ज्या देशासाठी मूल देतोय त्याने या मुलांची जबाबदारी पूर्ण घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. ती अजून पूर्ण घेतलेली नाही.

अभियांत्रिकीची जोडी

गणित-भौतिकशास्त्र चांगलं असेल तर बारावीनंतर आणखी दोन दारं आहेत. लष्कराची टेक्निकल एंट्री, म्हणजे टीईएस, आणि नौदलाची बी.टेक. कॅडेट एंट्री. दोन्हींना जेईई मेन द्यावी लागते, सीईटीचे गुण चालत नाहीत. पुण्यातली बरीच मुलं फक्त सीईटीच्या भरवशावर राहतात आणि हे दार बंद झाल्यावर त्यांना ते कळतं. लेखी परीक्षा वेगळी नाही, गुणांवर थेट एसएसबीला बोलावणं येतं. टीईएसच्या काही कॅडेट्सचं शिक्षण तर आपल्या दापोडीच्या सीएमईतच होतं. टीईएस फक्त मुलांसाठी आहे, नौदलाची एंट्री मुलींनाही खुली आहे.

याच्या शेजारी सीओईपी ठेवा. १८५४ सालची ही संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. तिथून चार वर्षांनी बाहेर पडताना मुलापुढे नोकरी, गेट, परदेश हे सगळं शिल्लक असतंच. शिवाय शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांच्या सेवेच्या) टेक्निकल एंट्रीतून अभियंत्यांना लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येतं. म्हणजे सीओईपीत गेल्याने सैन्य हातचं जात नाही. टीईएसमध्ये गेल्यावर बाकीचं मात्र बरंचसं जातं. मन पक्कं नसेल तर मी इथे बिनदिक्कत कॉलेज म्हणेन.

एएफएमसी आणि बी. जे.

ही तुलना मला सगळ्यांत अवघड वाटते, कारण दोन्हीकडे शेवटी एमबीबीएसच आहे, आणि दोन्ही पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याच.

एएफएमसी १९४८ ची. नीटच्या गुणांवर यादी लागते, मग इंग्रजी आणि तर्काची छोटी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. मुलांच्या जागा ११५, मुलींच्या ३०. शिकून झाल्यावर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत जावंच लागतं, पर्मनंट कमिशनवर (निवृत्तीच्या वयापर्यंत) किंवा सात वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसवर. बाँड मोडायचा तर भरायची रक्कम लाखांत असते. त्या वर्षीच्या माहितीपत्रकातला आकडा पालकांनी स्वतः वाचावा, कुणाच्या सांगण्यावर राहू नये.

बी. जे. मेडिकल कॉलेजला, म्हणजे ससूनला, शिकणाऱ्यालाही बाँड आहे, पण तो एका वर्षाच्या सरकारी सेवेचा. न केल्यास दहा लाख रुपये. त्यानंतर तो मोकळा.

खरा फरक पदव्युत्तर शिक्षणात पडतो. बी. जे.चा मुलगा एमबीबीएस होताच नीट-पीजीच्या तयारीला बसू शकतो. एएफएमसीचा डॉक्टर आधी युनिटबरोबर जातो, कधी सियाचीनच्या पायथ्याशी, कधी ईशान्येतल्या छावणीत, आणि काही वर्षांच्या सेवेनंतर सैन्यदलांच्याच व्यवस्थेतून एमडी-एमएस करतो. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी शेकडो जवानांच्या प्रकृतीची जबाबदारी एकट्याने घ्यायची, हे ज्याला हवंहवंसं वाटतं त्याने एएफएमसी घ्यावी. ज्याला लवकरात लवकर हृदयशल्यचिकित्सक व्हायचंय त्याला ही वर्षं जड जातील, आणि तसं वाटण्यात देशप्रेम कमी पडलं असं कुणी म्हणू नये. ससूनच्या वॉर्डात रात्र काढणारा निवासी डॉक्टरही याच देशाची सेवा करत असतो.

एएफएमसीचं बोलावणं ज्याला येतं, त्याच्या गुणांना राज्यातलं एखादं सरकारी मेडिकलही बहुधा मिळतं. तेव्हा इथेही 'फुकट' हा मुद्दा बाजूलाच ठेवा.

पदवीनंतरची वाट, जिच्याकडे कमी लोक बघतात

बीए, बीकॉम, बीएस्सी काहीही करा आणि सोबत एनसीसी घ्या. शहरातल्या बहुतेक जुन्या कॉलेजांत ती आहे. 'सी' सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय एसएसबी. नसेल तर सीडीएस, ही पदवीधरांसाठीची यूपीएससीची परीक्षा, वर्षातून दोनदा. त्यात चेन्नईच्या ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी) गणिताचा पेपरच नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. कला शाखेच्या मुलामुलींना हे कुणी सांगतच नाही. हवाई दलासाठी एएफकॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

परेड, कॅम्प, रात्रीचा पहारा, सिनियरची ओरड, हे सगळं तीन वर्षं अनुभवल्यावर मूल जेव्हा सही करतं, तेव्हा ते काय स्वीकारतंय हे त्याला माहीत असतं. नाही जमलं तर पदवी हातात असते. या वाटेची उणी बाजू अशी की ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढू शकणारं. पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. तेव्हा तेहतीस-चौतिसाव्या वर्षी, बहुधा लहान मुलं घरात असताना, नवी नोकरी शोधायची तयारी हवी. काहींना पुढे पर्मनंट कमिशन मिळतं. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांनाही ते खुलं झालं.

एक गैरसमज इथेच दूर करते. विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र हा विषय चांगला शिकवतात, पण तो घेतल्याने सैन्यात निवड होत नाही. विषय आवडतो म्हणून घ्या.

मुलींसाठी

एनडीएचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर उघडलं, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. जागा अजून मोजक्याच आहेत. म्हणून एनडीए द्याच, पण नौदलाची बी.टेक. एंट्री, एएफएमसीचं एमबीबीएस किंवा बीएस्सी नर्सिंग, आणि एनसीसी या वाटाही डोळ्यांसमोर ठेवा.

अग्निवीर: याला शिक्षणाचा पर्याय समजू नका

मावळ, मुळशी, पुरंदर, शिरूरकडची मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच आकडे स्पष्ट लिहिते. जून २०२२ पासूनची ही भरती चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी ३०,००० पगार, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. कापलेले पैसे, सरकारची तेवढीच भर आणि त्यावरचं व्याज मिळून शेवटी सुमारे ११.७१ लाख सेवानिधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घरी. शिवाय ही जवानाची भरती आहे, अधिकाऱ्याची नाही. बारावीला चांगले गुण असलेल्या मुलाने कॉलेज सोडून इथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरची परिस्थितीच तशी असेल तर जरूर जावं, पण पहिल्याच वर्षी इग्नूच्या पदवीला नाव घालावं. सेवेतल्या प्रशिक्षणाचे श्रेयांक तिथे धरले जातात. आणि शेवटी मिळणारी रक्कम लग्नात किंवा गाडीत घालू नये.

मग करायचं काय

ज्याचं मन वर्दीवर पक्कं आहे त्याने बारावीपासून वयात बसतील तितक्या वेळा एनडीए द्यावी, पण कॉलेजचा प्रवेश घेऊनच. केवळ एनडीएसाठी वर्ष वाया घालवू नये. एसएसबीत नाही झालं तर तीच मुलं पुढे सीडीएसमधून रेकमेंड झाल्याची उदाहरणं भरपूर असतात.

द्विधा मनःस्थिती असेल तर पदवी आणि एनसीसी. पुण्यातल्या बहुसंख्य मुलांना मी हेच सुचवेन.

क्लासची फी भरण्याआधी मात्र डोळ्यांची, रंग ओळखण्याची, गुडघ्यांची आणि तळव्यांची तपासणी चांगल्या डॉक्टरांकडून करून घ्या. रंगांधळेपणा दोन वर्षांच्या तयारीनंतर कळणं फार वाईट, आणि एका तपासणीत तो आधीच कळू शकतो. एनसीसीची निवड कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होते आणि जागा मर्यादित असतात. प्रवेशाची पावती मिळाली की त्याच दिवशी एनसीसीचं ऑफिस कुठे आहे ते विचारून या.