फ्रॉस्टेड की दुधी? सिग्नलच्या पेटीवर कोणता डिफ्यूझर लावावा

बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून दारावरची बेल वाजली की पेटणाऱ्या दोन पेट्या मी घरीच केल्या. एक बैठकीच्या खोलीत, दुसरी बाथरूममध्ये. सर्किट एका संध्याकाळीच जमलं. एलईडीच्या समोर प्रकाश पसरवणारी शीट, म्हणजे डिफ्यूझर, कोणती लावायची, याने मात्र महिना खाल्ला.

तुम्हीही तिथेच अडला असाल, तर फिरून फिरून दोन पर्यायांवर याल: एका बाजूने खरबरीत केलेलं पारदर्शक ॲक्रिलिक, म्हणजे फ्रॉस्टेड, नाहीतर पूर्ण जाडीत दुधी असलेलं ॲक्रिलिक. कडेने प्रकाश सोडायची, मागे ठिपके छापलेली पाटीही मिळते आणि ती पातळ, देखणी असते. पण तिची कड काचेसारखी गुळगुळीत लागते आणि एलईडी त्या कडेला नेमके टेकावे लागतात. दोन पेट्यांसाठी मी त्या भानगडीत पडलो नाही.

शीट निवडण्याआधी पेटीची खोली बघा. दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच एलईडी आणि डिफ्यूझरमध्ये हवं, दीडपट असेल तर उत्तम. मीटरला 60 एलईडींची पट्टी घेतली तर दोन दिव्यांत साधारण 17 मिमी पडतात. माझी पहिली पेटी 12 मिमी खोल होती, त्यात काहीही लावलं तरी एलईडींचे ठिपके दिसतच होते. ती 20 मिमी केल्यावर जो फरक पडला, तो शीट बदलून पडला नव्हता. डिफ्यूझर एलईडीला चिकटवून तर काहीच साधत नाही. प्रकाश पसरायला आधी जागा लागते.

आता फ्रॉस्टेडबद्दल. ते प्रकाश फार कमी खातं, त्यामुळे तेवढ्याच करंटमध्ये पेटी झगझगीत दिसते. विझलेली पेटी करडी दिसते, म्हणून भर दुपारीही पेटली की विझली हे पटकन कळतं. शिवाय घरी करता येतं. साध्या ॲक्रिलिकचा तुकडा आधी 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल घासायचा, झालं. मी तो पाणी टाकून घासत होतो आणि ओला असेपर्यंत तो जवळजवळ पारदर्शकच दिसत होता. पुसून वाळला की पांढुरका. मला गंमत वाटली. खरं तर पुढच्या सगळ्या कटकटीची सूचना तिथेच मिळाली होती.

पेटी तयार झाल्यावर घंटेचं चित्र असलेला पारदर्शक स्टिकर मी खरबरीत बाजूवर चिकटवला. बेल दाबली, तर स्टिकरच्या चौकोनातून आतले आठही एलईडी दाणे मोजून घ्यावेत असे दिसायला लागले, बाकी पेटी छान धूसर. कारण साधं आहे. फ्रॉस्टेडमध्ये प्रकाश पसरवतो तो फक्त पृष्ठभागावरचा खडबडीतपणा, आणि तोही त्याच्या पलीकडे हवा असेल तरच. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाश किती वळवतं याचा आकडा, 1.49, हवेचा 1. त्या खाचांमध्ये गोंद, 1.33 चं पाणी किंवा 1.47 च्या आसपासचं तेल शिरलं की प्रकाशाला वळायला फारसं कारण उरत नाही. तेलकट बोटाचा ठसासुद्धा पुरतो.

मग खरबरीत बाजू आत केली. बैठकीतल्या पेटीचा प्रश्न मिटला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फक्त गुळगुळीत दर्शनी बाजूत खिडकीचं प्रतिबिंब पडू लागलं. बाथरूममधल्या पेटीत मात्र गरम पाण्याची वाफ आत शिरायची, थंड शीटवर धरायची आणि घासताना पाण्याने जे केलं होतं तेच करायची. रोज सकाळी पेटीवर वेगळाच नकाशा. "आज हिला काय झालंय?" असं बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

दुधी ॲक्रिलिकमध्ये प्रकाश विखुरणारे कण शीटच्या पूर्ण जाडीत असतात. वर पाणी पडो, स्टिकर लागो, त्यांना पत्ताच नसतो. 3 मिमीचं दुधी त्याच 20 मिमी खोलीवर लावलं आणि ठिपके गेले. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. फोनच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर अगदी खाली ओढायचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे डागही उघडे पडतात. त्या परीक्षेत मध्यभाग निर्मळ निघाला, कोपरे जरा काळवंडलेले. आतल्या भिंतींना मॅट पांढरा रंग दिल्यावर तेही बरेच सुधारले, कारण दुधी शीट बराच प्रकाश मागे फेकते आणि पांढऱ्या भिंती तो परत पुढे ढकलतात. लाल-हिरवा-निळा एकत्र असलेला एलईडी वापरणार असाल तर दुधीतच रंग नीट मिसळतात. फ्रॉस्टेडमध्ये कडेला रंगीत झालर राहिलेली मी पाहिली.

दुधीचा तोटाही खरा आहे. प्रकाश चांगलाच कमी होतो, माझ्या अंदाजाने निम्म्यावर आला. एलईडी आठचे बारा करावे लागले. उन्हात तर ती मुळातच पांढरीशुभ्र दिसते, त्यामुळे लाल दिवा फिकट गुलाबी वाटतो. पेटी बॅटरीवर चालणार असेल, भरपूर खोल असेल आणि कोरड्या जागी हाताला न लागेल अशी टांगणार असाल, तर फ्रॉस्टेड घ्या, मी वाद घालणार नाही. पण जिला हात लागणार, वाफ लागणार, जिच्यावर कुणीतरी काहीतरी चिकटवणार, तिच्यासाठी मी तरी दुधीच घेईन.

घ्यायला जाल तेव्हा आपली एलईडीची पट्टी आणि ती पेटवायला एक छोटी बॅटरी खिशात ठेवा. दुधीच्या प्रतीप्रतींत फार फरक असतो आणि तो दुकानाच्या उजेडात शीट नुसती वर धरून कळत नाही. पेटीच्या खोलीएवढ्या अंतरावर पट्टी धरून आधी 2 मिमीची शीट बघा. तीत ठिपके गेले, तर 3 मिमीची घेऊन उगीच प्रकाश घालवू नका.