गच्चीवर पांढरा लेप आणि बीएलडीसी पंखे : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नागपुरातील आमचे घर एकमजली असून वर थेट उघडी गच्ची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्रभर खोल्यांत सोडत राहतो. मग पंखा लावला तरी वरची गरम हवाच अंगावर येते. एसी घेण्याचा विचार बाजूला ठेवून आम्ही मार्चमध्ये गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप दिला आणि चार जुने पंखे काढून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या डीसी) मोटरचे पंखे बसवले.

लेप लावणे हे काम सोपे, त्याआधीची तयारी मात्र किचकट. गच्ची घासून धुणे, भेगा भरणे आणि जिथे पाणी साचते तिथला उतार सुधारणे यातच बहुतेक वेळ गेला. चुन्याचा स्वस्त पर्याय होता, परंतु पहिल्या जोरदार पावसात तो धुऊन निघू लागतो, म्हणून अ‍ॅक्रिलिकचा लेप निवडला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री स्टुलावर चढून छताला आतून हात लावला असता पूर्वीसारखा चटका बसला नाही, कोमट लागले. दुपारी कूलरशिवाय भागत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आईची उन्हाळ्यातील झोपेची तक्रार यंदा जवळजवळ थांबली आणि तिच्या लेखी विजेच्या बिलापेक्षा हाच लाभ मोठा आहे.

भेगा भरल्याचा उपयोग पावसाळ्यात कळला. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात दर वर्षी पोपडे सुटून काळी बुरशी धरत असे आणि तिथे झोपणाऱ्याला खोकला ठरलेला. यंदा तो कोपरा कोरडा राहिला. न्हाणीघराच्या भिंतीची ओल नळाच्या गळतीमुळे असल्याने ती तशीच आहे. गच्चीचा लेप तिला काय करणार!

पैशांची खरी बचत पंख्यांनी केली. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवा पूर्ण वेगात 30 च्या आसपास. चार पंखे रोज पंधरा तास चालले, तर महिन्याला सुमारे 80 युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो, त्यामुळे वाचलेली युनिटे सर्वांत महाग टप्प्यातूनच वजा होतात आणि बिलातील फरक अपेक्षेपेक्षा ठळक दिसतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरही अधिक वेळ तग धरतो.

तक्रारीही आहेत. एका खोलीत दोन पंखे असतील, तर एकाच रिमोटने दोन्ही सुरू होतात. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. व्होल्टेजच्या चढउतारात एका पंख्याचे सर्किट जळले; वॉरंटी असूनही दुरुस्तीसाठी कंपनीने बरेच दिवस ताटकळत ठेवले, तेव्हा जवळ सेवा केंद्र असलेल्याच कंपनीचा पंखा घ्यावा. लेपावर धूळ बसली की त्याची परावर्तनक्षमता घटते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी गच्ची धुणे आलेच. डिसेंबर-जानेवारीत घर थोडे अधिक गार वाटेल, ती किंमत आम्हाला मान्य आहे.

पाहुण्यांच्या खोलीतील जुना पंखा मात्र बदललेला नाही. तो वर्षातून मोजकेच दिवस चालतो आणि तेवढ्या वापरात नव्याची किंमत वसूल होण्यासारखी नाही.