ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटची वेबसाइट: एका कोचचा अनुभव

साताऱ्यात मुलांना पंधराशे मीटर पळवतो. एखाद्या कोचबद्दल मैदानात कुजबुज सुरू झाली की आधी ही साइट उघडतो. ॲथलेटिक्समधल्या उत्तेजकांच्या आणि गैरप्रकारांच्या प्रकरणांवर हे युनिट कारवाई करतं. बंदीची यादी आहेच, पण निकालपत्रं अख्खी वाचता येतात, हे मोलाचं.

निकाल वाचायलाच हवेत. धावण्याचे कोच अल्बर्टो सालाझारवर २०१९ मध्ये युसाडा या अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या खटल्यात चार वर्षांची बंदी आली, २०२१ मध्ये क्रीडा लवादानं ती कायम ठेवली. मर्यादेबाहेरचं इन्फ्युजन (शिरेतून दिलेलं द्रव) त्याच्या सहायक कोचला दिलेलं होतं. सालाझारच्या ओरेगॉन गटातला एकही खेळाडू त्या प्रकरणात दोषी ठरला नाही. तरी सगळ्यांवर डाग लागलाच.

एक खटकतं: तात्पुरत्या निलंबनाची नावं सुनावणीआधीच झळकतात. आमच्याकडे तेवढ्यावर पालक मुलं काढून नेतात. आणि सगळं इंग्रजीत.

पाचपैकी चार.